आधी कडी लावा, मग मोकळं बोला

मागच्या पावसाळ्यात आमच्या वाचनालयात एक अंगणवाडी सेविका आल्या. मी रविवारी दुपारी तिथं बसतो, कुणाला फोनमधलं काही अडलं तर बघून देतो. बाई म्हणाल्या, "दादा, मी लिहायचंच सोडलंय. मैत्रिणीला एकटीला लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मुख्यसेविकांच्या कानावर जातं." मैत्रिणीवर संशय होता, तिच्याशी अबोलाही धरला होता. मी फोन घेतला, व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडलं. तिथं एक संगणक जोडलेला दिसला. बाईंच्या घरी संगणक नाही. कधीतरी पोषण आहाराचे फोटो द्यायला म्हणून एका कार्यालयातल्या संगणकावर त्यांनी व्हॉट्सॲप वेब लावलं होतं आणि बाहेर पडायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून त्यांचं सगळं बोलणं त्या पडद्यावर उघडं पडत होतं.

एक बोट दाबून तो संगणक काढून टाकला. पण बाई तोवर कित्येक महिने गप्प राहिल्या होत्या. मानधन रखडलंय, कामाचा बोजा वाढलाय, हे त्यांनी ग्रुपवर लिहिलंच नव्हतं. म्हणून खाजगीपण आणि बोलण्याचं स्वातंत्र्य हे दोन वेगळे विषय मानायला मी तयार नाही. ज्याच्या घराला कडी नाही तो घरातही मोठ्यानं बोलत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टास्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा आपला मूलभूत हक्क आहे. हक्क आहे तर तो वापरायला शिकू. खालचा क्रम मी ज्या क्रमानं लोकांना करून देतो तोच आहे. पहिल्या तीन गोष्टींना मिळून तासभर लागतो.

१. व्हॉट्सॲप: कोण आत बसलंय ते बघा

‘लिंक केलेली डिव्हाइस’ उघडा. एका खात्याला चार उपकरणं जोडता येतात. यादीतलं प्रत्येक नाव वाचा, शेवटचं कधी वापरलं ते बघा. ओळखीचं नसेल ते नाव दाबून लॉग आउट करा. शंका असली तर सगळीच काढा, आपलं पुन्हा जोडायला अर्धं मिनिट लागतं. हे महिन्यातून एकदा करायचं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायची असेल तर व्हॉट्सॲप वेब लावूच नका. दुकानदाराला फक्त तो कागद ईमेलनं पाठवा किंवा पेन ड्राइव्हवर न्या.

मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ सुरू करून सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. कुणी तुमच्याकडून ओटीपी काढून घेतला तरी या पिनशिवाय त्याला तुमचं खातं दुसऱ्या फोनवर लगेच उघडता येत नाही. तिथंच ईमेल पत्ताही द्या, पिन विसरलात तर तोच उपयोगी पडतो.

पुढं ‘गोपनीयता’ उघडा. ‘ग्रुप’ या ठिकाणी ‘माझे संपर्क’ निवडा, म्हणजे अनोळखी माणूस तुम्हाला कुठल्याही ग्रुपात ओढणार नाही. डीपी आणि स्टेटसलाही तेच. मुलींच्या डीपी उचलून खोटी खाती काढण्याचे प्रकार मी डोळ्यांनी बघितलेत, म्हणून यावर माझा भर आहे.

एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आपलं संभाषण दोन्ही टोकांना कुलूपबंद असतं हे खरं, पण गूगलवर जाणारा बॅकअप आपोआप तसा कुलूपबंद नसतो. ‘चॅट बॅकअप’मध्ये जाऊन ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ सुरू करा. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, कारण तो हरवला तर कंपनीही तुम्हाला जुनी संभाषणं परत देऊ शकत नाही.

आणि ‘लग्नपत्रिका’, ‘चलान’, ‘पीएम किसान’ अशा नावांनी येणारी एपीके फाइल कधीही उघडायची नाही. पत्रिका कधीच एपीके नसते. ते ॲप असतं, आणि ते फोनवर बसलं की तुमचे एसएमएस वाचायला लागतं. मामाच्या नंबरवरून आली असेल तरी नाही, कारण तोवर मामाचाही फोन गेलेला असतो.

२. आधारची झेरॉक्स वाटत सुटू नका

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी दिला गेला. तेव्हापासून आपण लॉजवर, सिमच्या दुकानात, क्लासला, सोसायटीच्या वॉचमनकडे, मागेल त्याला झेरॉक्स देत आलोय. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की बँक खात्याला आणि मोबाइलला आधार जोडायची सक्ती करता येणार नाही, शाळाप्रवेशही त्यावाचून अडवता येणार नाही. सरकारी अनुदान आणि पॅन यांसाठी ते लागतं. बाकी ठिकाणी वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र पुढं करा. समोरचा कुरकुर करेल. शांतपणे म्हणा, "हेही सरकारी ओळखपत्रच आहे."

द्यावंच लागलं तर ‘मास्क्ड आधार’ द्या. माय-आधारच्या संकेतस्थळावर ओटीपी टाकून आधार उतरवून घेताना मास्क्डच्या चौकटीवर खूण करायची. मग पहिले आठ आकडे झाकले जातात, शेवटचे चारच दिसतात. त्या पीडीएफचा पासवर्ड म्हणजे तुमच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. तो कुणालाही काढता येतो, त्यामुळे ती फाइल सायबर कॅफेच्या संगणकावर सोडू नका. डाउनलोडच्या फोल्डरमधून पुसा, मग रिसायकल बिनमधूनही पुसा. कागदाची झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं, अक्षरांवरून रेघ जाईल असं लिहा: ‘फक्त भाडेकरारासाठी’, तारीख, सही. कोपऱ्यात लिहिलंत तर कोपरा कापता येतो.

आता बोटांचे ठसे. आधार आणि अंगठा एवढ्यावर बँकेतून पैसे काढायची सोय आहे. काही राज्यांत चोरांनी जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठे उचलून, त्यांचे रबरी ठसे करून लोकांची खाती रिकामी केली. त्यावर उपाय म्हणजे बायोमेट्रिक लॉक. आधारच्या अधिकृत ॲपमध्ये किंवा त्याच संकेतस्थळावर तो लावता येतो. मात्र आईवडील रेशन दुकानात अंगठा लावत असतील, किंवा बँक मित्राकडून पैसे काढत असतील, तर लॉक उघडल्याशिवाय मशीन त्यांना ओळखणार नाही. त्यांना न विचारता लॉक लावून शहरात निघून जाऊ नका. रेशनच्या दिवशी तुम्ही इकडून तात्पुरतं उघडून द्याल हे आधी ठरवा. त्याच संकेतस्थळावर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ आहे. मागच्या सहा महिन्यांत तुमचा आधार कुठं कुठं तपासला गेला ते त्यात दिसतं.

३. नंबर आणि परवानग्या

सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा आणि जे तुमचं नाही ते तिथंच कळवा. यूपीआयचा आयडी मोबाइल नंबरचाच असेल तर बदलून नावाचा करा, नाहीतर भाजीवाल्यापासून अनोळखी विक्रेत्यापर्यंत सगळ्यांकडे तुमचा नंबर जातो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ उघडा. बॅटरीला, कॅल्क्युलेटरला, झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला तुमचे संपर्क आणि फोटो कशाला हवेत? काढून टाका. कर्जाच्या ॲपवाल्यांनी वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून माणसांची अब्रू काढली, ती याच परवानगीच्या जोरावर.

४. लिहिण्याआधी: आरोप नको, मोजमाप लिहा

इथून पुढं बोलण्याचा भाग. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या एका तरुणीनं बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर मत लिहिलं, दुसरीनं ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. त्या प्रकरणानंतर श्रेया सिंघल या तरुणीनं याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणारं कलम, रद्द केलं. तरीही हे मेलेलं कलम लोकांवर लावलं जात राहिलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. तुमच्यावरच्या कागदात ६६अ दिसलं तर वकिलाला पहिल्यांदा तेच दाखवा.

आज सहसा लागतात ती भारतीय न्याय संहितेची कलमं: १९६ म्हणजे दोन समाजांत वैर वाढवणं, २९९ म्हणजे धार्मिक भावना मुद्दाम दुखावणं, ३५३ म्हणजे अफवेतून भीती किंवा द्वेष पसरवणं, ३५६ म्हणजे बदनामी. यातली बदनामी अदखलपात्र आहे. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही. "तुझ्यावर बदनामीची केस टाकून उद्या उचलायला लावतो" असं कुणी गावात धमकावलं तर हे लक्षात ठेवा.

गावातल्या रस्त्याचं उदाहरण घेऊ. एकानं मला दाखवलेला मसुदा असा होता: ‘सरपंचानं आणि ठेकेदारानं मिळून रस्ता खाल्ला, चोर आहेत साले.’ राग खरा होता, आणि रस्ताही खरोखर खराब होता. पण या वाक्यात सिद्ध करता येईल असं काहीच नाही आणि बदनामीला पुरेल एवढं सगळं आहे. आम्ही बसून ते पुन्हा लिहिलं. आधी माहिती अधिकाराचा अर्ज केला, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, आणि त्या कामाची मोजमाप पुस्तिका मागितली. तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावं लागतं. पुस्तिका आली. मग टेप घेऊन दोन पोरांसह रस्ता मोजला. शेवटी पोस्ट अशी झाली: ‘मोजमाप पुस्तिकेत या रस्त्याची लांबी इतके मीटर दाखवली आहे, प्रत सोबत. काल आम्ही टेपनं मोजली, ती इतके मीटर भरली, फोटो सोबत. हा फरक कसा पडला ते ग्रामपंचायतीनं ग्रामसभेत सांगावं.’ शिवी नाही, आरोप नाही. पण त्या पोस्टवर पंचायतीला उत्तर द्यावं लागलं. पहिली पोस्ट पडली असती तर उत्तर आमच्या मित्राला द्यावं लागलं असतं, पोलीस ठाण्यात बसून.

इथं एक काळजीची गोष्ट सांगायला हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. या कायद्यानं माहिती अधिकारातलं कलम ८(१)(जे) बदललं. पूर्वी व्यक्तिगत माहितीतही लोकहित असेल तर ती द्यावी, असा तोल त्या कलमातच होता. आता ‘व्यक्तिगत माहिती’ म्हटलं की थेट नकार देता येतो. केंद्राच्या आधी ज्या राज्यानं अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला, त्या राज्यातल्या माणसाला हे लागायलाच हवं. आपल्या डेटाचं रक्षण व्हावं हे मला मनापासून हवंय. पण सार्वजनिक पैशाचा हिशेब म्हणजे कुणाचं खाजगी आयुष्य नव्हे. तुम्हाला असा नकार आला तर पहिल्या अपिलात कलम ८(२) चा आधार घ्या. लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते, हे त्यात अजून शाबूत आहे.

टोपणनावानं लिहिणं गुन्हा नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून, साहेबापासून ते तुम्हाला झाकतं. तपास यंत्रणेपासून झाकत नाही, कारण कंपनीकडं नंबर आणि आयपी पत्ता (नेटवरची तुमच्या जोडणीची खूण) असतो. व्हीपीएन (हा आयपी पत्ता झाकणारं ॲप) वापरणंही गुन्हा नाही, फक्त फुकटचे घेऊ नका, ते तुमचाच माल विकतात.

५. पोलिसांचा फोन आला तर

घाबरून पोस्ट पुसून टाकू नका. आधी तिचा पूर्ण पडदा टिपून ठेवा: पत्ता, तारीख, वेळ, खालच्या प्रतिक्रिया, सगळं. मूळ फोन जपा, कारण पुराव्यासाठी मूळ उपकरण, नाहीतर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. नुसता कुणीतरी फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट पुरत नाही, तुमच्या बाजूनंही आणि तुमच्या विरुद्धही.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करायची नसते. अटकेची गरज नसेल तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहायची नोटीस द्यायची असते, आणि ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बजावलंय. व्हॉट्सॲपवर ‘नोटीस’ पाठवून व्हिडिओ कॉलवर बसवून ठेवणारा माणूस तर पोलीस नसतोच. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची कुठलीही गोष्ट कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक लावा.

कागदी नोटीस आली तर मात्र जा, टाळू नका. वकील बरोबर न्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० ला फोन करा. बायकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना ती मदत उत्पन्न न बघता फुकट मिळते. अटक झालीच तर कारण सांगावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांपुढं उभं करावं लागतं. बाईला, अपवाद सोडला तर, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकांचं प्रकरण वकिलाला नक्की सांगा. त्यांनी व्हॉट्सॲप स्टेटसवर ५ ऑगस्ट, म्हणजे ३७० कलम हटवल्याचा दिवस, जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस म्हटला आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा दिल्या. हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला, उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, आणि शब्दांचा परिणाम दुबळ्या मनाच्या माणसावरून मोजायचा नसतो, असं त्यांनी सांगितलं. स्टेटस टाकल्यापासून इथवर यायला दीड वर्षाहून जास्त काळ गेला. तुमचं म्हणणं तुम्हाला पटलेलं आहे का, हे लिहिण्याआधीच स्वतःशी पक्कं करा, ते यासाठी.

६. ग्रुपचे ॲडमिन असाल तर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या मजकुराला, आधीपासून संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही. त्यामुळे भीतीपोटी ग्रुप बंद करू नका. पण १ जुलै २०१८ ची राईनपाड्याची दुपार विसरू नका. धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात, मुलं पळवणारी टोळी आलीय या व्हॉट्सॲपवरच्या अफवेपायी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. मोकळ्या बोलण्याची बाजू घेणाऱ्यानं हे ओझं उचलायलाच हवं असं मला वाटतं. दोन बाणांचा, म्हणजे अनेकदा पुढं ढकललेला, फॉरवर्ड आला की कुठल्या गावचं, कधीचं, कुणी बघितलं, हे तीन प्रश्न ग्रुपवरच विचारा. उत्तर नसेल तर ॲडमिन म्हणून सगळ्यांसाठी तो संदेश काढून टाका.

७. पोस्ट उडाली, किंवा नेटच गेलं

कंपनीनं पोस्ट काढली तर त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर तीस दिवसांच्या आत सरकारी तक्रार अपील समितीकडं ऑनलाइन अपील करता येतं, फी नाही. कुणी तुमचे किंवा तुमच्या मुलीचे खाजगी फोटो पसरवले असतील तर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर नाव न देताही तक्रार नोंदवता येते. मुलीला आधी जेवायला घाला, जवळ बसा, मग तक्रार लिहा. तिला दोष देणारा एकही शब्द तोंडातून जाऊ देऊ नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

नेट बंद होणं आपल्याला नवं राहिलेलं नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव झाला तेव्हा बंद झालं, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जालना-बीडकडं झालं. सर्वोच्च न्यायालयाच्या १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालानं असा आदेश कारणांसह जाहीर करणं बंधनकारक केलंय, आणि एक आदेश पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. आदेशाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात मागा. पण त्या दिवशी साधे फोन आणि एसएमएस बहुतेक वेळा चालू असतात, आणि नंबर मात्र कुणाचेच पाठ नसतात. म्हणून आजच एका कागदावर लिहा: १९३०, १५१००, ओळखीचा एक वकील, घरातले तीन नंबर, डॉक्टर, औषधाचं दुकान. खाली दोनशे-पाचशे रुपये सुट्टे ठेवल्याची जागाही लिहा, कारण नेट गेलं की यूपीआयही जातं. कागद कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं चिकटवा.